गल्ल्यातले वायसर

"या महिन्यात हिशेब जुळला नाही, तर गल्ला मी माझ्याकडे घेणार," असं माझ्या नवऱ्याने जेवता जेवता जाहीर केलं, आणि मामंजींनी हातातला घास परत ताटात ठेवला.

मामंजी म्हणजे माझे सासरे. आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे काउंटर, काउंटरवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, डब्याच्या झाकणाला पैसे टाकायला चीर, आणि डब्यामागे स्टुलावर मामंजी. नवरा मागच्या बाजूला पडद्याआड काम करतो. मोठ्या कामाचे पैसे हल्ली लोक मोबाइलवरूनच देतात, पण पंक्चर काढायचे आणि हवा भरायचे पैसे अजून चिल्लरच असतात. महिनाभरात डबा दोनदा भरतो. मामंजी चिल्लर मोजतात, पिशव्यांत भरतात, ट्यूबच्या रबराने पिशव्यांची तोंडं आवळतात आणि आकडा सांगतात. मग नवरा पिशव्या बँकेत नेऊन नाणी मोजायच्या मशीनमध्ये ओततो. इतकी वर्षं मामंजींचा आकडा आणि मशीनची पावती यांत एका नाण्याचाही फरक पडला नव्हता. गेले तीन महिने मात्र मशीनचा आकडा कमीच येत होता.

"बाबा विसरायला लागलेत," नवरा म्हणाला. "त्यांनी आता घरी आराम करावा."

खरं सांगते, मामंजींची बाजू घ्यायचं माझं पहिलं कारण काही फार थोर नव्हतं. मामंजी घरी बसले की ते माझ्या स्वयंपाकघरात बसतात. आच बारीक कर, नळ टपकतोय, एवढी भांडी कशाला काढलीस, असं दिवसभर चालतं. महिन्यातल्या एका सुट्टीत आम्ही दोघं इतके भांडतो की शेजारीण खिडकी लावून घेते. हा माणूस रोज घरात म्हटल्यावर झालंच की मग!

पण त्या दिवशी तो परत ठेवलेला घास काही माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी म्हटलं, "या वेळी बँकेत मी आणि मामंजी जातो. तुमचं ओतणं मला ठाऊक आहे. पिशवी उलटी केली, बटण दाबलं आणि पावती खिशात घालून निघाला. मशीन बिचारं काय करेल?"

माझा संशय सॉल्युशनवर होता. पंक्चरला लावायचं ते चिकट सॉल्युशन आमच्या घरात सगळीकडे असतं, दाराच्या कडीवर, टॉवेलवर, तसं ते नाण्यांवरही असणार. दोन नाणी एकमेकांना चिकटली की मशीन ती एक धरत असेल किंवा बाहेर टाकत असेल. म्हणून मी ठरवलं की या वेळी नाणी स्वच्छ पुसायची, नीट वाळवायची आणि मगच न्यायची. पण पुसायला म्हणून मी डबा ओढला, तर मामंजींनी तो छातीशीच धरला.

"माझं मी करीन."

"अहो, डोळ्यांना नीट दिसत नाही तुम्हाला. मोतीबिंदू पिकलाय."

"मोजायला डोळे कशाला लागतात? बोटं आहेत की."

आणि दार लोटून घेऊन बसले. दुपारभर आत खुळखुळ चालली होती. बाहेर आले तेव्हा शर्टाचं वरचं बटण उघडं, नेहमीसारखं. गेले काही महिने त्या बटणावरून मी त्यांना रोज टोकत होते. आज मी म्हटलं, जाऊ दे.

बँकेत ते मशीन कोपऱ्यात उभं असतं. वर पसरट ताट, मधे काचेचा पडदा, खाली एक छोटी वाटी. आमच्या आधी एक बेकरीवाला होता. त्याच्या चिल्लरीत शर्टाचं बटण गेलं आणि मशीन अडकलं. काउंटरवरची बाई किल्ली घेऊन आली, झाकण उघडलं, बटण काढून त्याच्या हातावर ठेवलं आणि आम्हा सगळ्यांनाच सुनावलं.

"आधी निवडून बघा. पिन, बटण, कागद, काही जाता कामा नये. ओली नाणी चालणार नाहीत. मूठमूठ घाला, सगळी एकदम नको. आणि वाटीत परत आलेली नाणी बघितल्याशिवाय पावतीचं बटण दाबू नका. लोक वाटीत बघतच नाहीत, निघून जातात. मग संध्याकाळी ती वाटी मला रिकामी करावी लागते."

मी मनात म्हटलं, बाई, त्यातला एक महाभाग माझ्या घरात आहे.

आमची पाळी आली. मी एका पिशवीचं रबर सोडायला घेतलं. "मामंजी, ताटात घालण्याआधी एकदा निवडून घेते."

त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या मोजणीवर तुझाही भरवसा नाही?"

मी रबर सोडलं आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी आकडा मोठ्याने सांगितला, अगदी त्या बाईला ऐकू जाईल असा. मग मूठमूठ घालू लागले. एक मूठ घालायची, खडखड थांबेपर्यंत कान लावून उभं राहायचं, मग दुसरी. मागच्या रांगेतल्या एकाने घड्याळ बघत जिभेने चक् केलं. मी वळून असं बघितलं की त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही.

पण खडखडीच्या मधेमधे वाटीत काहीतरी पडत होतं. टण्. थोड्या वेळाने पुन्हा टण्. मला वाटलं, आलीच ती चिकटलेली नाणी, आता सोडवून परत घालू की हिशेब जुळेल. पिशव्या संपल्या, पडद्यावर आकडा आला. कमी होता. मी वाटीत हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली.

वायसर होते. नटाखाली घालायच्या लोखंडी चकत्या, मधे भोक असलेल्या. आमच्याकडच्या सगळ्यात छोट्या नाण्याएवढ्याच, आणि वापरून वापरून तशाच पांढुरक्या झालेल्या.

नवरा म्हणत होता ते खरंच होतं तर. म्हातारा वायसर मोजून पैसे समजतोय.

"किती आला?" मामंजींनी विचारलं. पडद्यावरचे आकडे त्यांना दिसत नव्हते.

पडद्यावर विचारलं होतं, आणखी नाणी घालायची आहेत का. माझ्या पर्समध्ये भाजीची चिल्लर होती. जेवढे वायसर तेवढीच छोटी नाणी घातली तर फरक मिटला असता, आणि कुणाला कळलंही नसतं. मी वायसर डाव्या मुठीत धरले आणि उजव्या हाताने पर्सची चेन ओढली.

"चेन लाव," मामंजी म्हणाले. "आणि दुसऱ्या हातात काय आहे ते दे."

त्यांचे कान अजून शाबूत आहेत. मी एक वायसर त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठा त्यावरून फिरवला, उलटा करून पुन्हा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना काहीच लागत नाहीये. मग त्यांनी तो डोळ्यापाशी नेऊन खिडकीकडे धरला.

"मधून उजेड येतोय," ते हळूच म्हणाले. "राहिलेच की मग."

मी पावतीचं बटण दाबलं, वायसर पर्समध्ये टाकले आणि त्यांना बाहेरच्या बाकावर आणून बसवलं. "मामंजी, हे गल्ल्यात आलेच कसे?"

"मीच टाकतो."

ते सांगू लागले, माझ्याकडे न बघता. सकाळी पेपर टाकणारे एक म्हातारे येतात, जिने पुसणारी एक बाई येते, कधी एखादं शाळेतलं पोर येतं. पंक्चरचे पैसे असतातच असं नाही. पूर्वी मामंजी म्हणायचे, राहू दे, जा. पण धंदा नवऱ्याने हातात घेतला तसं त्याने बजावलं, फुकट काम बंद. नवरा मागे पडद्याआड वाकडी चाकं सरळ करत असतो, तिथून त्याला पुढचं दिसत नाही, फक्त ऐकू येतं. गिऱ्हाईक गेलं आणि डब्यात काही वाजलं नाही, तर तो आतून विचारणार, पैसे दिले का हो? म्हणून मामंजींनी ही शक्कल काढली. फुकट काम झालं की डब्यात एक वायसर टाकायचा. टण् असा आवाज झाला की नवरा खूश. आणि मोजायच्या वेळी बोटांनी चाचपून वायसर बाजूला काढायचे.

"मग आता काढले का नाहीत?"

मामंजींनी दोन्ही हात मांडीवर पसरले. "बोटांना काही कळत नाही गं. पाचसहा महिने झाले. चहाचा कप गरम आहे की गार, तेसुद्धा कळत नाही. मला वाटलं सगळे काढले. दुपारभर तेच करत होतो."

मी त्यांच्या गळ्यापाशी उघड्या राहिलेल्या बटणाकडे बघितलं. बटण लावता येत नव्हतं त्यांना. आणि मी रोज डोक्यावर मिरे वाटत होते! मला इतकं रडू आलं की मी पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं. मग नाक ओढलं, बटण लावलं आणि उगाच म्हटलं, "कॉलर किती मळलीय बघा."

"त्याला यातलं काही सांगायचं नाही," मामंजी म्हणाले. "म्हातारा मोजायला चुकला म्हणून सांग. गल्ला गेला तर गेला. वायसरचं कळलं तर म्हणेल, बापाने मला वर्षानुवर्षं फसवलं."

मी कबूल केलं. तोंड उघडणार नाही, म्हटलं.

दुकानात शिरलो तेव्हा नवरा पडद्यातून हात पुसत बाहेर आला. पावती बघितली, मान हलवली. मामंजी स्टुलावर बसायला गेले आणि तिथेच थबकले, बसावं की नाही अशा बेताने. नवऱ्याने आवाज खाली आणला, पण दुकान ते केवढं! "बघितलंस? त्यांना आता काही आठवत नाही. मी उगाच—"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दिलेला शब्द वगैरे सगळं विसरले. पर्स उघडली आणि सगळे वायसर काउंटरवर ओतले.

"मोजा! आणि पावतीशी लावून बघा. आठवत नाही म्हणे. सगळं आठवतं त्यांना, कुणाचं पंक्चर फुकट काढलं ते सुद्धा! बोटं बधिर झालीत त्यांची. एका घरात राहून तुम्हाला नाही कळलं, मलाही नाही कळलं!"

मग सगळं सांगितलं, एका दमात, मामंजी हाताने थांब थांब करत असताना. नवऱ्याने वायसर मोजले. मग पावती बघितली, मामंजींचा आकडा आठवला आणि पुन्हा वायसर मोजले. मला वाटलं, आता फुटणार हा, फुकट कामांवरून. मी पदर खोचून तयारच होते.

तो खाली टायरांच्या ढिगावर बसला. "म्हणजे तुम्ही विसरत नाही आहात?" त्याने मामंजींना विचारलं.

"नाही रे."

"आजोबांना शेवटी आपलं घर ओळखू येत नव्हतं. मी लहान होतो, मला परका माणूस समजून त्यांनी दारातून हाकललं होतं." त्याने ग्रीसने माखलेल्या बाहीने डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं. "मला वाटलं तुमचंही तेच सुरू झालं. तीन महिने धड झोपलो नाही मी."

इतके दिवस मी त्या माणसाला कंजूष समजत होते. मामंजी स्टुलावरून उठले, चाचपडत त्याच्यापाशी गेले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला केस लागत होते की नाही कुणास ठाऊक. पण हात बराच वेळ तिथे होता.

दुसऱ्या दिवशी नवरा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. साखर वाढली आहे. गोळ्या सुरू झाल्यात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीखही मिळाली आहे. बोटं किती सुधारतील ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.

गल्ल्यावर मामंजीच बसतात. संध्याकाळी मी डबा निवडते, वायसर वेगळे काढते आणि मग मोजायला त्यांच्या पुढ्यात ठेवते. आम्ही तेव्हाही भांडतो, माझा हात फार सावकाश चालतो म्हणून.

काल डबा निवडायला म्हणून मी जरा लवकरच गेले होते. पेपर टाकणारे म्हातारे सायकल घेऊन निघाले होते. मामंजींनी डब्यात काहीतरी टाकलं. टण् वाजलं.

पडद्याआडून नवऱ्याने विचारलं, "बाबा, पैसा की वायसर?"

मामंजींनी पडद्याकडे मान वळवली. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "वायसर!"

"बरं," नवरा म्हणाला, आणि आत चाक फिरायला लागलं.