दोन इंच वर

हॉस्पिटलच्या आवारात दोन मोठ्या गाड्यांच्या मधून आपली छोटी गाडी बाहेर काढायला तिला स्टीअरिंग तीनदा इकडून तिकडे पूर्ण फिरवावं लागलं. मास्तर शेजारी मांडीवर फाइल घेऊन बसले होते. दहा मिनिटांपूर्वी डॉक्टरांनी त्या फाइलमधला शेवटचा कागद टेबलावर ठेवून तिच्या हातात किती महिने आहेत ते सांगितलं होतं. मास्तरांनी सात-आठ प्रश्न विचारले. तिने एकही विचारला नाही.

"मागे बघा, कुणी येतंय का."

मास्तरांनी मान वळवली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यांना काहीच दिसलं नाही. "नाही," ते म्हणाले.

मागून जोरात हॉर्न वाजला.

"तुमच्या भरवशावर राहिले तर आजच आटोपेल," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

फाटकाबाहेर पडल्यावर तिने गिअर टाकला. "अहो, आता गाडी हातात घ्या तुम्ही."

"गुडघे काढून डिकीत ठेव, मग घेतो."

हा विनोद घरात पंचवीस वर्षं चालू होता. मास्तर सहा फूट एक इंच, ती पाच फुटांना दोन इंच कमी. गाडी तिची. दोन दारांची, जुन्या बनावटीची, लेकीपेक्षा वयाने मोठी. घेतली त्या वर्षी मास्तर एकदाच चालवायला बसले होते. वळणावर गुडघा स्टीअरिंगखाली अडकला आणि गाडी शेजाऱ्यांच्या कुंड्यांवर गेली. त्यानंतर ती चालवणार आणि ते शेजारी बसून रस्ता चुकवणार, असं ठरून गेलं.

"एकदा बसून तर बघा," ती म्हणाली.

त्या जून महिन्यात मास्तर काही बसले नाहीत. पुढेही नाहीत. ती नोव्हेंबरात गेली.

जानेवारीत गाडीची बॅटरी उतरली. ती चार्ज करून परत बसवल्यावर गॅरेजवाले मिस्त्री म्हणाले, "भाऊजी, आठवड्यातून एकदा तरी हलवा हिला. नाहीतर जागेवर सडेल." मास्तरांच्या बायकोला ते पहिल्यापासून ताई म्हणायचे, म्हणून मास्तर आपोआप भाऊजी झाले होते, आणि भाऊजींची थट्टा करायचा हक्कही मिस्त्रींना त्यातूनच मिळाला होता.

मास्तर दार उघडून आत बसले. गुडघे वळवून घेतले, श्वास रोखला. गुडघे सहज मावले. वर बोटभर जागा उरली.

"आखडलो की मी," ते म्हणाले.

"वय झालं. आता घडी करून कपाटात ठेवायला सोपे."

महिनाभर मिस्त्री त्यांना रिकाम्या मैदानात घेऊन जात राहिले. मास्तरांनी आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं होतं. शिकवून घ्यायची सवय नव्हती. क्लच सोडताना ते मोठ्याने आकडे मोजत. मार्चपासून मात्र ते एकटे जाऊ लागले. वाचनालय, बाजार, बँक. सीटवर एक घडी घातलेली घोंगडी होती. पाठ दुखते म्हणून ती शेवटच्या वर्षी तिच्यावर बसायची. मास्तरांनी ती बाजूच्या सीटवर ठेवली, आणि तिथेच राहू दिली.

मे महिन्यातल्या एका सकाळी वाचनालयाकडे वळताना त्यांनी स्टीअरिंग डावीकडे फिरवलं. ते फिरलं. आणखी फिरवलं, तर बरणीच्या सैल झाकणासारखं गरगर फिरलं, आणि गाडी सरळच गेली. समोरच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगात नाक खुपसून थांबली. वेग चालण्याइतकाच होता. कुणाला काही झालं नाही. तिथला राखणदार धावत आला.

"मास्तर, वाळू आत भरायची होती तर डिकी उघडायची ना!"

मास्तर हसले नाहीत. त्यांचे हात अजून स्टीअरिंगवर होते, आणि स्टीअरिंग काहीच धरून नव्हतं.

लेकीला दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं. तिचा फोन आला.

"बाबा, गाडी काढून टाकायची."

"अगं, चालण्याच्या वेगात होतो."

"पुढच्या वेळी नसाल. आणि समोर वाळूही नसेल." मग ती हळू बोलली. "आई गेली त्याला अजून वर्षही झालेलं नाही. मला आता कुठल्या फोनची भीती वाटत राहायला नको आहे."

शेवटी असं ठरलं, की स्टीअरिंग का सुटलं याचं पक्कं कारण सापडलं आणि ते दुरुस्त झालं तर गाडी राहील. 'जुनी आहे, होतं असं' हे कारण धरलं जाणार नाही. लेक रविवारी येणार होती. तिच्या ओळखीतला एकजण जुन्या गाड्या जमवायचा. तो लगेच घेऊन जायला तयार होता.

शुक्रवारी सकाळी मिस्त्रींनी गाडीचं नाक जॅकवर उचललं. उजवं चाक दोन्ही हातांनी धरून वळवलं. डावं चाकही त्याच्याबरोबर वळलं.

"म्हणजे चाकापासून रॅकपर्यंत, चाकं वळवणाऱ्या दांडीपर्यंत, सगळं ठीक आहे. आता वरून फिरवा."

मास्तरांनी खिडकीतून हात घालून स्टीअरिंग फिरवलं. चाकं जागची हलली नाहीत.

"म्हणजे मधेच. दांड्यातच सुटलंय." मिस्त्रींनी चप्पल काढली आणि ते डोकं पेडलपाशी, पाय सीटच्या पाठीवर असे उलटे आत शिरले. साठी उलटलेल्या माणसाला ते शोभत नव्हतं, पण या गाडीत दुसरा मार्ग नव्हता. "टॉर्च धरा. माझ्या डोळ्यांत नको, खाली. ताई बरोबर धरायच्या."

"तिचा हात लहान होता."

"तुमचा मोठा आहे तर उजेड जास्त पडायला हवा."

आतून बराच वेळ पान्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"अजब आहे. बोल्ट घट्ट आहे."

"मग सुटलं कसं?"

"तेच तर. हे बघा, स्टीअरिंगचा दांडा खाली रॅकच्या दातेरी टोकावर टोपीसारखा बसतो. दातांच्या मधे आडवी खोबण असते. बोल्ट त्या खोबणीतून गेला की दांडा वर सरकूच शकत नाही. हा बोल्ट घट्ट आहे, पण खोबणीच्या वरून गेलाय. नुसत्या पकडीवर दांडा टिकला होता. रोज केसभर वर येत गेला आणि त्या दिवशी टोपी निघाली."

"कुणी बसवला असा?"

"मी नाही," मिस्त्री आतून ताडकन म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी मी उघडला होता. खोबणीत बसवला होता, आणि नंतर ओढून बघितला होता." त्यांचा आवाज बदलला. "भाऊजी, हा दांडा मुळात खालच्या टोकाशी अर्धा इंच वर ओढलेला आहे. वर कुणीतरी काहीतरी केलंय."

ते वळले, डॅशबोर्डखाली हात घालून चाचपू लागले. दांडा जिथे धरलेला असतो तिथली मूळची पट्टी नव्हती. तिच्या जागी दुसरी होती. दोन बोल्ट काढून त्यांनी ती बाहेर दिली.

बोटभर रुंदीची पोलादी पट्टी. कडा कानशीने गुळगुळीत केलेल्या, भोकं अगदी सरळ रेषेत. एका बाजूला सुईसारख्या टोकाने कोरलेला बाण, बाणापुढे 'वर', आणि त्याखाली '५० मि.मी.' म्हणजे दोन इंच.

अक्षर उभं, सुटं, सारख्या उंचीचं. तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढणाऱ्या हाताचं.

मिस्त्री बाहेर आले, फडक्याला हात पुसत. पट्टी डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी पाहिली. "ताईच," ते म्हणाले. "माझी कानस नेली होती एकदा. म्हटलं, कशाला? तर म्हणाल्या, नखं वाढलीत." ते हसले. "काय सुबक काम आहे! वरचं सगळं बरोबर. फक्त वर उचलल्यावर दांडा खाली खोबणीपर्यंत पोचतो का ते बघून मग बोल्ट कसायचा असतो, तेवढं राहिलं. घट्ट आहे ना, मग झालं, असं वाटलं असणार. कुणाचीही चूक होते अशी."

"तुमची झाली असती?"

मिस्त्रींनी विचार केला. "नाही," ते म्हणाले. "पण भाऊजींसमोर ताईंबद्दल तसं म्हणायचं असतं."

मास्तर पट्टी हातात फिरवत होते. "मारायलाच निघाली होती की मला," ते म्हणाले आणि इतके हसले, की मिस्त्रींनी त्यांना स्टूल पुढे केलं.

स्टूलवर बसल्यावर त्यांनी पट्टीची दुसरी बाजू पाहिली. तिथे कोपऱ्यात तिच्या नावाचं पहिलं अक्षर होतं आणि तारीख. तारीख घातल्याशिवाय तिच्या हातून कागद सुटत नसे. वाण्याच्या यादीवरसुद्धा ती तारीख घालायची.

"कधीची आहे?" मिस्त्रींनी विचारलं. चष्मा त्यांच्या खिशात होता.

"गेल्या वर्षीची. चौदा एप्रिल."

"वर्षाहून जास्त टिकली! बघा, नुसत्या पकडीवर. हात होता हो त्यांना."

मास्तरांनी तारखेवरून एकदा अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी मिस्त्रींना हाक मारून गेलं.

"पुढे काय करू?" मिस्त्रींनी विचारलं. "मूळची पट्टी माझ्याकडे एका भंगार गाडीची आहे. पहिल्यासारखं खाली घेऊ?"

"नको. माझे गुडघे मावतात. आहे तितकंच वर राहू दे."

"ही पट्टी चालेल. चांगली मजबूत आहे. खालची टोपी तेवढी मी लांब करून घेतो, म्हणजे बोल्ट खोबणीत जाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी काम झालं. मिस्त्रींनी नवा बोल्ट मास्तरांच्या हाताने खोबणीतून सरकवला, आणि पाना लावून झाल्यावर दोघांनी मिळून दांडा जीव खाऊन वर ओढला. तो हलला नाही.

"आता मला ओढून बघा," मिस्त्री कंबर धरून म्हणाले. "मी सुटलोय."

रविवारी लेक आली. मिस्त्रींनी तिला जमिनीवर बसवून खोबण दाखवली, जुना बोल्ट दाखवला. ती गाडीखाली वाकून सगळं नीट बघत होती, अगदी आईसारखी.

"असा बसवला कुणी पण?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी मास्तरांकडे पाहिलं.

"मिस्त्रींनी नाही," मास्तर म्हणाले. "घरचंच काम आहे. सांगतो नंतर."

मग ते तिला घेऊन गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जाऊन आले. जाताना ती दाराची मूठ घट्ट धरून होती. येताना झोपली. घरी उतरताना तिने छपरावर थाप मारली आणि म्हणाली, "राहू दे ही. पण दर तीन महिन्यांनी दाखवायची."

तिला संध्याकाळची गाडी होती. मास्तर स्वतः तिला स्टेशनवर सोडून आले.

पट्टी तिच्या आईने केली, हे त्यांनी तिला वाटेत सांगितलं. तारीख सांगितली नाही. त्या एप्रिलमध्ये लेक सुट्टी घेऊन दहा दिवस घरी होती. आई-लेकी रोज सकाळी फिरायला जायच्या. डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितलं ते आईला तेव्हाच माहीत होतं, हे तिला सांगायचं अजून राहिलं आहे.