रविवारची पाळत

मालुबाईने तेच तांदूळ पुन्हा सुपात घेतले. त्यात खडा म्हणून उरला नव्हता. तरी ती परड्याच्या दारात बसून पाखडत राहिली, कारण तिथून शेडमधले भावकू मास्तरांचे हात नीट दिसत होते. मास्तर उकिडवे बसून बुटकीचा कार्बोरेटर सोडवत होते. शेवटचा नट निघाला तसा तो पितळी गोळा त्यांनी फडक्यात गुंडाळला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"घरी न्हेऊन साफ करतो, वैनी. पुढच्या रविवारी बसवू."

"बरं," ती म्हणाली. तिची नजर पिशवीवरून हलली नाही.

बुटकी म्हणजे दोन चाकांचा विलायती ट्रॅक्टर. त्यावर बसायला जागा नाही. माणसाने मागून मुठी धरून चालायचं आणि यंत्राने पुढे नांगर ओढायचा. बेळगावच्या कॅम्पात एका म्हाताऱ्या साहेबाच्या बागेत ती गंजत पडली होती. साहेब बंगला सोडून गेला तेव्हा मालुबाईचा नवरा शामू तिला बैलगाडीत घालून येळ्ळूरला घेऊन आला. गाव पोट धरून हसलं. बैलाच्या पोटाखालून जाईल एवढं यंत्र, ते काय नांगरणार? हसले नाहीत ते एकटे भावकू मास्तर. ते शहरात हायस्कुलात चित्रकला शिकवत, पण राहायला गावातच, वरच्या गल्लीत. बघून जातो म्हणून आले ते दिवेलागणीपर्यंत हललेच नाहीत. त्यानंतर दोघांचा प्रत्येक रविवार बुटकीचा झाला.

तिचे सुटे भाग कुठे मिळत नसत. मग स्कूटरची रिंग घासून बसव, चित्रांच्या जाड पुठ्ठ्याचं पॅकिंग काप, तुटलेली स्प्रिंग सायकलवाल्याकडून वळवून आण, असं करत दोघांनी तिला वीस वर्षांच्या वर चालती ठेवली. रताळ्याचे आणि मिरचीचे वाफे तीच नांगरायची. काम नसलं तरी दोघे तिला पुसत, तेल देत बसायचे. मालुबाईला कधी हसू यायचं, कधी रागही यायचा. आपल्याला ताप आला तर हा माणूस कपाळाला हात लावून बघतो न बघतो, आणि इंजिन तापलं तर जेवण सोडून धावतो.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात शामू कावीळ होऊन गेला. दिवसकार्य झालं आणि पुढच्याच रविवारी मास्तर दारात उभे राहिले. इंजिन बंद ठेवलं तर आतून जाम होतं, म्हणाले, आठवड्यातून एकदा फिरवायला पाहिजे. तेव्हा मालुबाईला बरं वाटलं. शेडमधून फटफट ऐकू आली की घरात अजून कुणीतरी आहे असं वाटायचं.

मग एकदा विहिरीवर शेजारच्या अंबुबाईने घागर उचलता उचलता विचारलं, "लोखंडाला भेटाय कोण येतंय गं दर आठवड्याला?" आणि पुढे काही न बोलता ती निघून गेली. बोलली असती तर मालुबाईने उत्तर तरी दिलं असतं.

त्यानंतरच्या रविवारपासून मास्तर आले की मालुबाई परड्याचं दार सताड उघडून दारातच बसू लागली. कुणी बघायचं तर सगळं उघड बघू दे.

दुसरा खडा टाकला तो मुलाने. गुंडू शेजारच्या मच्छे गावातल्या कारखान्यात कामाला होता. बुटकी मोडीत घालून शेडची जागा मोकळी करावी असं त्याच्या मनात केव्हापासूनच होतं. कारखान्यात कुणीतरी त्याला सांगितलं होतं की, कोल्हापूरकडे अशी जुनी यंत्रं जमवणारे शौकीन आहेत, ते अशा मालासाठी वाटेल ते मोजतात. मास्तरांना हे ठाऊक नसेल असं होणार नाही, असं त्याचं म्हणणं.

"आक्खी न्हेता येत न्हाय न्हवं," तो भाकरी मोडत म्हणाला. "म्हणून एकेक तुकडा न्हेत असंल."

मालुबाईने त्याला गप्प केलं, पण ते बोलणं तिच्या मनातून गेलं नाही. बाईसाठी येतो म्हणावं, तर मास्तर मान वर करून तिच्याकडे बघतही नसत. यंत्रासाठी येतो म्हणावं, तर दुसऱ्याच्या यंत्रात एवढा जीव अडकवून माणसाला मिळतं काय? काहीतरी मिळत असणारच. एक संशय खाली ठेवावा तर दुसरा हातात यायचा.

मग ती पाळत ठेवू लागली. पिशवी येताना केवढी फुगलेली असते आणि जाताना केवढी, हे तिला नुसत्या नजरेने कळू लागलं. आधी कुठला स्क्रू निघतो, मग काय सरकतं, इंजिन सुरू करायची दोरी पुलीवर कुठून कशी गुंडाळतात, ओढण्याआधी मास्तर कार्बोरेटरवरची बारीक पिन बोट ओलं होईपर्यंत का दाबून धरतात, यातलं काही तिच्या डोळ्यांतून सुटत नव्हतं. एके दुपारी गुंडू कामावर गेल्यावर ती विळा घेऊन शेडमध्ये गेली आणि निघण्यासारख्या प्रत्येक भागावर आडबाजूला तिने टोकाने दोन-दोन रेघा ओढल्या.

कार्बोरेटर पिशवीत गेला तो त्यानंतरच्या रविवारी. आठवड्याने मास्तर तो घेऊन आले, बसवला, बुटकी सुरू केली. पहिल्या ओढीला पेटली. मास्तरांचा चेहरा उजळला. ते हात धुवायला दगडाकडे वळले तशी मालुबाई उठली आणि वाकून कार्बोरेटरची मागची बाजू बघून आली. रेघा नव्हत्या.

"मास्तर, ह्यो आमचा न्हवं."

मास्तरांचे हात साबणातच राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "बदललाय. तुमच्याला भेग पडलीती. ह्यो कोल्हापूरच्या जुन्या बाजारात गावला."

"मग सांगितलासा का न्हाय?"

"सांगितलं असतं तर गुंडू म्हणाला असता, आता घाला मोडीत."

"आमचा कुठं हाय?"

"माझ्याकडं."

"आणून द्या." आवाज चढवायचा नाही असं तिने ठरवलं होतं आणि तो चढलाही नाही. "आजवर काय काय न्हेलासा, ते बी आणून द्या."

मास्तरांनी हातांचा साबण धुतला. खुंटीवरचा सदरा त्यांनी तसाच ओल्या हातांनी चढवला.

दिवस मावळायच्या आत ते परत आले. हातात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाय टाकला नाही. डबा खाली ठेवून झाकण काढलं. वर तो चिरलेला कार्बोरेटर होता. त्याच्याखाली जळके प्लग, झिजलेल्या रिंगा, तुटक्या स्प्रिंगा, वाकलेला व्हॉल्व्ह. एकेक तुकडा चित्राच्या कागदात गुंडाळलेला. काही कागद जुने, पिवळे पडून कडांना फाटलेले, शामूच्या काळातले.

"एवढंच हाय," मास्तर म्हणाले. "शामूनं कवा काय टाकूच दिलं न्हाय. माझ्या घरात जागा हुती म्हणून माझ्याकडं." मग कार्बोरेटर उलटा करून त्यांनी तिच्यासमोर धरला. "ह्या तुमच्या रेघा. बुटकीच्या बाकीच्या भागांवर बी हाईत. मला ठावं हाय."

मास्तर गल्लीच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत मालुबाई डब्याशेजारी उभी होती.

त्यानंतर ते आले नाहीत. पहिल्या रविवारी तिला वाटलं, रागात असतील. पुढे तिने वाटणं सोडून दिलं. अंबुबाईने विहिरीवर सहज चौकशी केली, मास्तर दिसत नाहीत ते. मालुबाई घागर भरून चालू लागली. गुंडूला मात्र मोकळं वाटलं. दिवाळी झाली की भंगारवाल्याला आणतो, तो म्हणाला. आता तिच्यात असंही कोण हात घालणार होतं?

दिवाळीच्या आधीचा रविवार. सकाळची भांडी झाली, सडा झाला, आणि हात रिकामे राहिले. मालुबाई शेडमध्ये गेली. बुटकीच्या टाकीवर धुळीचा थर बसला होता. पदराने तो पुसावा म्हणून ती वाकली आणि वाकल्यासरशी तिने पेट्रोलचा कॉक उघडला. पिन दाबली. बोट ओलं झालं. दोरी पुलीवर गुंडाळली, जशी रविवारमागून रविवार बघितली होती तशी, आणि ओढली. बुटकी खोकली आणि गप्प झाली. दुसऱ्यांदाही तसंच. चोक राहिला होता. तो ओढून तिने एक पाय चाकाला टेकवला आणि अंगातलं सगळं बळ लावलं.

बुटकी पेटली.

कुडापलीकडून अंबुबाईने मान काढली. मास्तर आले असं वाटून बघायला आली असणार. शेडमध्ये मालुबाई एकटीच मुठी धरून उभी दिसली तशी ती तिथेच थांबली. गुंडू चहाचा पेला घेऊन बाहेर आला. "आये, काय कराय लागलीस?" असं काहीतरी त्याने विचारलं. आवाजात ते तिला ऐकू गेलं नाही, किंवा तिने ऐकलं नाही.

बुटकी परड्याच्या फाटकातून रस्त्यावर आली आणि मालुबाई तिच्यामागे चालू लागली. गल्लीतली कोंबडी पळाली. कट्ट्यावरची माणसं बोलायची थांबली. शामूची बायको भर दिवसा वरच्या गल्लीला निघाली होती, आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी निघाली होती. चढावर बुटकी जरा जड झाली तेव्हा तिने मूठ किंचित पिळली. इंजिन सरळ, एका तालात चालत होतं. त्यात कुठे काही कमी नाही हे तिला पक्कं कळत होतं.

मास्तरांच्या दारात तिने बुटकी उभी केली, पण बंद केली नाही. आधी त्यांची बायको जयाबाई बाहेर आली. तिच्या मागोमाग मास्तर, डोळ्यांवर चष्मा, हातात रंगाचा कुंचला. त्यांनी आधी बुटकीकडे बघितलं, मग मालुबाईच्या मागे आणखी कोण आलं आहे का ते बघितलं. कुणी नव्हतं.

"आवाज जरा फाटल्यागत येतोय," मालुबाई मोठ्याने म्हणाली. "बघा की, मास्तर."

मास्तर पायरी उतरून आले. टाकीवर हात ठेवून, मान एका बाजूला कलती करून ते बराच वेळ उभे राहिले. जयाबाई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा मालुबाईकडे बघत होती. इंजिन घड्याळासारखं चाललं होतं.

"व्हय," ते म्हणाले. "येतोय खरा."

आणि जयाबाईला त्यांनी आतून नट सोडायचे पाने आणायला सांगितलं.