टाचणी थांबली आहे

शिट्टी वाजली आणि अकरा माणसं कुत्र्यांशिवाय धावू लागली.

कुंपणापलीकडे पेपर टाकणारा सायकल टेकवून उभा राहिला. दर खेपेला कोणी ना कोणी उभं राहतंच. अकरा शहाणीसुरती माणसं, त्यात एक दातांची डॉक्टरीण, एक विमा अधिकारी, रिकाम्या हवेला "ये, ये, वर, शाब्बास" म्हणत बोगद्याशेजारून पळताहेत, सी-सॉपाशी थबकून मोकळ्या फळीकडे कौतुकानं बघताहेत, हे दृश्य उपाशीपोटी बघायचं नसतं.

कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत ही रीतच आहे. दर महिन्याला अडथळे नव्यानं मांडतात. मग आधी आठ मिनिटं मालकांनी एकट्यानं फिरून वाट पाठ करायची, कुठे वळायचं, कुठे हात दाखवायचा. कुत्री तेवढा वेळ झाडाखाली बांधलेली असतात आणि आपापल्या मालकांकडे शांतपणे बघत असतात. त्यांना काय वाटत असेल ते ती कधी बोलून दाखवत नाहीत. घराणं चांगलं असतं.

त्या आठ मिनिटांत कुणाहीजवळ कुत्रं नसतं. त्यामुळे ज्याच्याजवळ खरोखरच कुत्रं नाही, तो त्यात ओळखू येत नाही. माझा मित्र मीटर यायचा तो त्या आठ मिनिटांसाठी.

मी टेबलावर घड्याळ घेऊन बसतो. नोकरीत तीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर माणसं वेळेवर आली की नाही ते लिहिलं, आता कुत्र्यांचं लिहितो. कुत्री कारणं सांगत नाहीत, एवढाच फरक. टेबलाखाली माझा साहेब झोपलेला असतो. तो काहीही करत नाही आणि घरातले सगळे त्याच्यासाठी उठतात, म्हणून साहेब.

आठ मिनिटं संपली. डॉक्टरीणबाई घाम पुसत टेबलापाशी आल्या. मंडळाच्या चिटणीस त्याच आणि परीक्षकही त्याच.

"काका, आज त्यांना सांगायचं."

"काय सांगायचं?"

"तुम्हाला माहितीये काय ते. पुढच्या महिन्यापासून यादीत नाव नको. त्यांचंही नको, तिचंही नको."

"बिचारा आठ मिनिटं फिरतो आणि जातो. कुणाचं काय खातो?"

"ते फिरतात त्याचं काही नाही हो. कुत्री सुटत नाहीत त्याचं काय?"

हे खरं होतं. पाच महिने झाले, आमच्या सुरुवातीच्या रेषेवर कुत्री अडत होती. घाबरून नव्हे. शेपूट आत नाही, गुरगुर नाही. रेषेपासून हातभर अलीकडे येऊन खाली बसायची आणि समोर बघत राहायची. पुढच्याचं काम उरकेपर्यंत आपण बसतो, तशी. कुत्र्याला रांगेत थांबायला आजवर कुणी शिकवलेलं नाही. माणसांनाच अजून नीट जमलेलं नाही.

"वास राहिला असेल," मी म्हणालो.

"जंतुनाशकानं दोनदा धुतलंय. माझ्या खुर्चीला वापरते तेच. त्यात जबडा धुतला तर जबड्याला वास राहत नाही."

मागच्या महिन्यात बाईंनी रेषाच दहा पावलं पुढे घेतली होती. कुत्री पळाली, पण मागे बघत पळाली. उडीचे चार बार पडले, विमा अधिकारी स्वतःच्या कुत्र्यावरून पडले, आणि रेषा परत जागेवर आली.

"तुम्ही त्यांचे मित्र," बाई म्हणाल्या. "गोड बोलून सांगा. मला गोड बोलता येत नाही, माझा धंदाच तसा."

मीटर कुंपणाजवळच्या बाकावर बसला होता. हातात पट्टा, मुठीला तीन वेढे दिलेला. मी शेजारी बसलो तर म्हणाला, "इकडून बस." म्हणजे त्याच्या उजव्या बाजूला. डाव्या बाजूला हातभर बाक मोकळा होता.

चौतीस वर्षं हा माणूस घरोघर विजेचे मीटर वाचत फिरला, म्हणून मीटर. अकरा वेळा कुत्री चावली. कुठली खूण कुठल्या घराची हे तो पत्त्यासकट दाखवत असे. पोटरीवर सगळी वसाहतच होती. निवृत्तीच्या दिवशी, शेवटच्या इमारतीच्या तळघरात, मीटरच्या कपाटात तारांमागे ऊब धरून बसलेलं एक पिल्लू सापडलं. याला बघून ते भुंकलं नाही. याला इतकं आश्चर्य वाटलं की तो ते खिशात घालून घरी आला. बारीक, तपकिरी, एक कान दुमडलेला. नाव ठेवलं टाचणी.

बायको आधीच वारलेली, मुलगी परदेशात. त्यानंतर त्या दोन खोल्यांत जो काही संसार झाला तो टाचणीशी. सकाळी तो पेपर मोठ्यानं वाचायचा, ती ऐकायची. बातमी वाईट असली तर तो आधी तिच्याकडे बघायचा आणि वाचायची की नाही ते ठरवायचा. फिरायला निघाले की दर इमारतीच्या मीटरपाशी त्याचे पाय आपोआप थांबत, आणि दर खांबापाशी तिचे. त्यामुळे दोघांनाही एकमेकांना थांबायचं कारण विचारावं लागत नसे.

मैदानावर टाचणीचं 'थांब' प्रसिद्ध होतं. रेषेवर कुत्र्याला बसवायचं, 'थांब' म्हणायचं, आपण दोन-तीन अडथळे पुढे जाऊन उभं राहायचं आणि मग सोडायचं. बाकीची कुत्री तेवढ्यात तीनदा उठतात. टाचणी मीटर सांगेपर्यंत पापणीसुद्धा हलवत नसे. सोडायचा शब्द होता 'जा'. शब्द एका अक्षराचा ठेवा, असं बाईंनीच पहिल्या दिवशी बजावलं होतं.

आता आपलं कौतुक कोणाला नको असतं? मीटर थोडा लाडावला. तिला रेषेवर बसवून तिसऱ्या बारपलीकडे जायचा, बुटाची नाडी बांधायचा, आभाळ बघायचा, चष्मा काढून सदऱ्याला पुसायचा. लोक हसायचे, मोजायचे. टाचणी थांबलेली.

पाच महिन्यांपूर्वी त्यानं चष्म्याच्या दोन्ही काचा पुसल्या, दोन्ही बाजूंनी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा अंगठा घड्याळावर होता. टाचणी आधी बसलेली होती, मग ती सावकाश खाली लवंडली, हनुवटी पुढच्या पायांवर, नजर त्याच्यावर. काय शिस्त आहे, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. चष्मा चढवून मीटरनं बघितलं आणि 'जा' तोंडातच राहिला. हृदय बंद पडलं होतं, असं जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं. कधीपासून दुखणं होतं? बरेच दिवस असावं. दाखवत नाहीत ती.

"बाई काय म्हणतात?" मीटरनं मला विचारलं.

"आजचा शेवटचा दिवस म्हणतात. पुढच्या महिन्यापासून यादीत नाव नाही. मैदानावरही यायचं नाही."

त्यानं पट्ट्याचा एक वेढा सोडला, परत घातला.

"मग तिला उठवणार कोण?" तो म्हणाला.

मी टेबलाकडे बघितलं. साहेब टेबलाखालून बाहेर येऊन रेषेकडे तोंड करून बसला होता. जेवणाव्यतिरिक्त तो बसलेला मी प्रथमच बघत होतो.

"तुला दिसते का ती?" मी विचारलं.

"छे. मला दिसायला मी काय कुत्रा आहे?" मग जरा वेळानं, "दिसायची गरज काय? थांब म्हटलंय मी तिला. माघारी कुठे घेतलाय तो शब्द? ती उठेल कशी?"

"मग म्हण की. एक अक्षर आहे."

"तेच म्हणायला येतो रे दर महिन्याला. आठ मिनिटं फिरतो, वाट पाठ करतो. मग रेषेपाशी गेलो की जीभ उचलत नाही." त्यानं चष्म्याला हात लावला आणि काढून घेतला. "मुलगी विमानात बसायला निघाली तेव्हा काय म्हणालो? ये म्हणालो. बायकोला दवाखान्यात आत नेत होते, तिलाही 'ये लवकर' म्हणालो. जा म्हणून कोणी म्हणतं का आपल्या माणसाला? आणि ही एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगायला लावत नाही. म्हटलं की गेली."

"आणि नाही म्हटलंस तर?"

"तर बसून राहील."

मी टेबलाकडे जायला उठलो. त्याच्या डावीकडचा हातभर बाक मोकळा होता, आणि का कोण जाणे, जाताना मी तिकडे हात टेकवला नाही.

शर्यत सुरू झाली. म्हणजे झाली नाही. पहिलं कुत्रं रेषेअलीकडे येऊन बसलं. दुसरं त्याच्यामागे बसलं. विमा अधिकाऱ्यांचं तिसरं. मालक आधी प्रेमानं बोलले, मग बिस्किटं दाखवली, मग इकडेतिकडे बघत हळूच ढकललं. तिन्ही कुत्री समोर बघत बसून राहिली. यादीत चौथं नाव होतं.

"टाचणी," मी वाचलं. गैरहजर हा शब्द पाठोपाठ तोंडाशी आला, तीस वर्षांची सवय. पण मीटर उठला होता.

तो बसलेल्या कुत्र्यांना वळसा घालून रेषेपाशी गेला. खाली बघितलं नाही. तिथून तिसऱ्या बारपलीकडे चालत गेला आणि वळून उभा राहिला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, सदरा पाटलोणीतून सुटलेला. चष्म्याला हात लावला नाही. कुणी हसलं नाही, कुणी मोजलं नाही.

"ये जाऊन," तो म्हणाला.

काही झालं नाही. टाचणीला तो शब्द कधी शिकवलेलाच नव्हता.

झाडाखालची सगळी कुत्री उभी राहिली. एकाच्याही पट्ट्याची कडी खणखणली नाही.

"जा," मीटर म्हणाला.

माझा अंगठा दाबला गेला. मी दाबला असं मी म्हणणार नाही.

मीटर पळू लागला. डावा हात खाली, बोटं उघडी. पहिल्या वळणाला "इकडे," बोगद्यापाशी "आत," आणि बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला तो पोहोचून थांबला, तेवढाच थांबला जेवढा टाचणीला लागायचा. खांबांच्या रांगेशेजारून तो चालला, कारण तिथं ती हळू असायची. त्याच्या गुडघ्यांचा आवाज टेबलापर्यंत येत होता. दुसरा कसलाही आवाज नव्हता. एकही बार पडला नाही. पडेल कसा, असं तुम्ही म्हणाल. मीही मनात तेच म्हणत होतो.

मग सी-सॉ आला. टाचणीची ही एकच अडचण. मधोमध पोहोचली की फळी हलायची आणि ती बाजूला उडी मारायची. चार वर्षांत एकदाही ती टोकापर्यंत उतरली नव्हती.

मीटर फळीच्या पलीकडच्या टोकाशी जाऊन वाकला. ते टोक हवेत होतं. तो बघत राहिला. आम्हीही बघत राहिलो. बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

"सावकाश," मीटर म्हणाला. "मी आहे."

वर गेलेलं टोक एकदा थरथरलं. मग खाली येऊ लागलं, कुणीतरी पाऊल मोजून टाकावं तसं, अर्ध्यात थांबलं, आणि परत निघालं. जमिनीला टेकलं तेव्हा ठक असा हलका आवाज झाला. मीटरनं तो पुरता होऊ दिला.

शेवटचे दोन बार त्यानं पळत पार केले आणि शेवटच्या रेषेवर येऊन तो गुडघ्यावर बसला. मुठीतला पट्टा सोडला. हूक उघडून हात पुढे केला, दर वेळी शर्यत संपली की करायचा तसा. हात तिथं बराच वेळ राहिला. मग त्यानं तो हूक पट्ट्याच्याच कडीत अडकवला आणि पट्टा खिशात ठेवला.

सुरुवातीच्या रेषेअलीकडे बसलेली तिन्ही कुत्री उठली. पहिलं कुत्रं रेषेपर्यंत थेट चालत गेलं आणि टाचणी बसायची नेमक्या त्याच जागी पाय वर करून मोकळं झालं. त्याच्या मालकानं खूप माफी मागितली.

"वारा होता," डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो. टेबलावर त्यांची यादी होती, एकच कागद, त्यावर वजन ठेवलेलं नव्हतं. तो हलला नव्हता.

मीटर धापा टाकत टेबलापाशी आला आणि माझ्या हातातलं घड्याळ हातभर लांब धरून वाचू लागला. आकडे मोठ्यानं, दोनदा. मीटर वाचणाऱ्यांची ती सवय.

"सत्तावन्न पूर्णांक चार. सत्तावन्न पूर्णांक चार."

"सी-सॉवर वेळ गेला," मी म्हणालो.

"तिथं घाबरायची ती." त्यानं घड्याळ परत दिलं. "पण उतरली."

मी वही ओढली. टाचणीच्या नावापुढे पाच महिने एकाखाली एक गैरहजर लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. त्याखाली मी हजर लिहिलं. तीस वर्षांत मी कुणाची खोटी हजेरी लावली नव्हती. त्या दिवशीही लावली नाही.

साहेब टेबलाखाली जाऊन परत झोपला होता.

"येतो," मीटर म्हणाला.

"ये," मी म्हणालो.

मैदानाच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत एक अरुंद पायवाट आहे. चार वर्षं आणि वर पाच महिने मी त्याला त्या वाटेनं जाताना बघितलं होतं. तो नेहमी उजव्या कडेनं चालायचा, एक पाय गवतात, डावीकडे हातभर जागा सोडून.

त्या दिवशी तो मधून चालत गेला.