कुणाचा हितसंबंध असल्यास सांगावे

जॅनिस ओल्डरॉइड शाळेच्या स्वयंपाकघरात उभं आयुष्य काढून निवृत्त झाली आणि कौन्सिलच्या पेन्शन समितीवर कर्मचाऱ्यांच्या वतीने बसू लागली. बाकी सगळे नगरसेवक, पण हिलाही मत होतं. प्रत्येक सभेत दुसरा विषय ठरलेला असे: कुणाचा हितसंबंध असल्यास सांगावे. सगळे "नाही, नाही" म्हणत बिस्किटांची बशी पुढे सरकवत. जॅनिसही इतक्या वर्षांत कधी वेगळं बोलली नव्हती.

या खेपेला मात्र ते "नाही" सोपं नव्हतं. सरकारचा नवा नियम होता: गावोगावच्या पेन्शन फंडांनी आपापल्या वेगळ्या चुली मोडायच्या आणि सगळी गुंतवणूक एका सामाईक कंपनीच्या हाती द्यायची. नदीकाठचे जुने गाळे फंडाच्या मालकीचे होते, पण कंपनीच्या ते दाढेलाही पुरणारे नव्हते. ते आधीच बिल्डरला विकून टाकावेत, की स्थानिक गुंतवणूक म्हणून ठेवण्याचा आग्रह धरावा, याचा निकाल आज लागायचा होता. त्यातल्याच एका गाळ्यात तिचा मुलगा क्रेग बँडवाल्यांची पितळी वाद्यं दुरुस्त करायचा. भाडेकरार सुनेच्या माहेरच्या नावावर होता, त्यामुळे कुणाला पत्ताही लागला नसता. आणि पारडं फिरणार होतं ते जॅनिसच्या एका मताने.

क्रेग मागे लोकांसाठीच्या खुर्च्यांत येऊन बसला होता.

"विषय दुसरा," अध्यक्ष फरहाना मलिक म्हणाल्या. "कुणाचे हितसंबंध?"

"माझा बिस्किटांत आहे," म्हातारे सटक्लिफ म्हणाले. ते नेहमी हेच म्हणत.

"माझा आहे," जॅनिस म्हणाली. "नदीकाठच्या गाळ्यात माझा मुलगा असतो."

"अगं बाई, कशाला बोललीस!" सटक्लिफ पुटपुटले. गाळे ठेवावेत, या बाजूचे ते होते.

मलिकबाईंनी चष्मा काढला. "मग त्या विषयाला तुम्हाला बाहेर बसावं लागेल, जॅनिस."

तो विषय आला, तेव्हा किमतींची बोलणी व्हायची म्हणून मागच्या लोकांनाही बाहेर काढलं. मायलेक एकाच बाकावर आले.

"झालं समाधान?" क्रेग म्हणाला. "गावभरच्या पोरांना जेवू घातलंस आणि स्वतःच्या पोराच्या अन्नात माती कालवलीस."

"चहा घे."

"नको मला तुझा चहा! कुणाला कळणार होतं?"

"कुणालाच नाही." जॅनिस फ्लास्कचं झाकण फिरवत राहिली. "माझ्याबरोबर भांडी घासायची ती नोरीन आठवते? तिचं पेन्शन यातूनच येतं. आत बसले असते ना, तर तिचं भलं कशात आहे ते मला दिसलंच नसतं. तूच दिसला असतास."

"अगं, गाळे ठेवण्यातच भलं आहे! आमचं भाडं कधी थकलंय का?"

"असेल. खरंच असेल. पण नसतं, तरी मी तुझ्यासाठी हात वर केलाच असता रे. म्हणून उठले."

क्रेग पॉलिशने काळवंडलेली नखं बघत बसला.

दार उघडून कारकून बाहेर आला. "विकायचं ठरलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मतं समसमान पडली. अध्यक्षांनी जादा मत विक्रीला दिलं. आता आत या, बाकीची सभा सगळ्यांना खुली आहे."

जॅनिस उठली आणि मागे न बघता आत गेली. तेवढा धीरच नव्हता तिला. मुलाची माफी मागावी असं फार वाटत होतं, आणि चूक तर केली नव्हती. त्यामुळे अधिकच रडू येत होतं. पुढच्या विषयावर कोण काय बोललं, ते तिच्या कानांत शिरलंच नाही.

दार करकरलं. क्रेग सगळ्यांदेखत तिच्या टेबलापर्यंत आला आणि फ्लास्क समोर ठेवला.

"बाहेर विसरलीस," तो म्हणाला. "अर्धा मी प्यायलोय."

आणि तो मागे जाऊन आपल्या खुर्चीवर बसला.