लोटलेलं दार

माझी धाकटी जाऊ वर्दिया लग्न होऊन सां-एतियेन या फ्रेंच शहरात आली, तेव्हा तिला वाटलं, इथली सगळी माणसं तिच्यावर रागावली आहेत. जिन्यात भेटली की ‘बोंजूर’, म्हणजे नमस्कार, एवढंच म्हणायची आणि चालू लागायची. कुठे निघालीस, काय शिजवलंस, माहेरी सगळे बरे आहेत ना, काही म्हणजे काही नाही. समुद्रापलीकडच्या आमच्या कबिलियाच्या डोंगरात कुणी असं वागलं, तर लोक समजतात की याच्या घरात मयत झालंय.

“अगं, रागावले नाहीत ते,” मी तिला म्हटलं. “हे त्यांचं गोड वागणं आहे.”

तिला ते पटलं नाही. मी वीस वर्षं इथल्या शाळेच्या खानावळीत भांडी घासतेय, मला तरी कुठे पटलंय!

पण वर्दिया माझ्यासारखी हट्टी नव्हती. पावाच्या दुकानात गेल्या गेल्या ‘एक पाव द्या’ म्हणाली, तेव्हा दुकानदारीण तिच्याकडे बघत नुसती ‘बोंजूर, मादाम’ म्हणत राहिली, हिच्या तोंडून बोंजूर निघेपर्यंत. मी असते तर पाव तिथेच ठेवून निघून आले असते. ही मात्र घरी येऊन आरशासमोर बोंजूर घोकत बसली. म्हणाली, “ताई, ज्यांच्यात राहायचं त्यांच्यासारखं राहायला शिकायला नको का?” माझा दीर मोक्रान रस्त्यांच्या कामावर आठवडाभर बाहेरगावी. घरात ही एकटी, आणि ते आरशातलं बोंजूर.

पहिल्याच हिवाळ्यात तिची आई गेली. हिचे कागद झाले नव्हते, जाता आलं नाही. गेलेल्या माणसाच्या नावानं आमच्यात शेजारीपाजारी अन्न वाटतात. तिनं रव्याच्या भाकऱ्या केल्या, मधात भिजवल्या, आणि आईनं लग्नात दिलेली मातीची लाल-काळ्या नक्षीची थाळी घेऊन जिन्यातली सगळी दारं वाजवली. एकानं दार उघडलंच नाही. एकीनं साखळीच्या फटीतून सांगितलं, “नको, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही.” आईच्या नावाची भाकरी, आणि ही बाई विकायला आलीय!

पहिल्या मजल्यावरच्या मादाम पेरारनं मात्र दार उघडलं. म्हातारी आयुष्यभर फितींच्या कारखान्यात उभी राहून गुडघे घालवून बसलेली. तिनं थाळी पाहिली, मग वर्दियाचे सुजलेले डोळे पाहिले.

“कोण गेलं?” तिनं विचारलं.

“माझी आई,” वर्दिया म्हणाली. एवढं फ्रेंच तिला येत होतं.

म्हातारीनं तिला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि समोर बसून एक अख्खी भाकरी खाल्ली. मध हनुवटीवरून ओघळला तरी पुसला नाही. वर्दिया मला नंतर सांगायची, “ताई, त्या दिवशी मला वाटलं, माझ्या आईला कुणीतरी खांदा दिला.”

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं थाळी परत दिली, घासून लख्ख आणि रिकामी. इथे तसंच देतात, स्वच्छ. वर्दियाचा चेहरा पडला. म्हातारी चाट पडली. “काय झालं? फुटली का कुठे?” मग वर्दियानं हातवारे करकरून समजावलं, की आमच्याकडे शेजाऱ्याची थाळी रिकामी परत करत नाहीत. रिकामी थाळी म्हणजे संबंध संपला.

“अरे देवा!” म्हातारी म्हणाली. “आण ती इकडे!” आणि घरात सापडलं ते एकच उकडलेलं अंडं थाळीत ठेवून तिनं ती पुन्हा हिच्या हाती दिली.

त्यानंतर थाळी खाली-वर नाचत राहिली. वर्दिया एकदा वाफवलेल्या रव्याचं कुसकुस न्यायची, एकदा सूप. खालून कधी अक्रोड यायचे, कधी जुन्या फितीचं रीळ, आणि मोसमात आलुबुखार. वर्दियाला ते इतके आवडायचे की ती बिया चोखत बसायची. म्हातारी तिला शब्द शिकवायची, ही म्हातारीच्या गुडघ्यांना ऑलिव्हचं तेल चोळायची. फोन नाही, वेळ ठरवणं नाही. वाटलं की दोन मजले उतरायचं आणि दार वाजवायचं. त्या अख्ख्या देशात वर्दियाला हक्कानं वाजवता येईल असं तेवढं एकच दार होतं. मी दोन बसा बदलून लांब राहते, माझं धरू नका.

मग तो रविवार आला. वर्दिया भर दुपारी गरम कुसकुस घेऊन खाली गेली. दार म्हातारीच्या मुलीनं, सिल्वियाननं उघडलं. ती लियोंहून रविवारी यायची. आत टेबलाभोवती माणसं जेवत होती. घास हातात धरून सगळ्यांनी वळून पाहिलं.

सिल्वियान हसून म्हणाली, “तुम्ही फार चांगल्या आहात हो. पण आमच्यात येण्याआधी फोन करतात. आईला आराम लागतो. आणि रविवार तर घरच्यांचा असतो.”

आतून म्हातारीचा आवाज आला, “कोण आहे गं?”

“कुणी नाही, आई. वरच्या बाई.”

तिनं थाळी घेतली, आभाराचं मेर्सी म्हणाली आणि दार लावलं.

कुणी नाही! हे ऐकून माझं डोकंच फिरलं. “उद्या जा,” मी वर्दियाला म्हटलं. “सोमवारी ती बया नसते. जा आणि दार वाजव. म्हातारी काय खाणार आहे तुला?”

“नाही ताई. त्यांची पद्धत आहे. मीच मूर्ख, इतके दिवस घरच्यासारखी न विचारता घुसत होते. म्हातारी बिचारी भिडेखातर बोलली नसेल.”

“मग फोन कर.”

तिचा चेहरा उतरला. फोनवर तिला फ्रेंच कळायचंच नाही. समोर माणूस असला की ओठ दिसतात, हात दिसतात. फोनमध्ये नुसता आवाज, तोही भरभर. तरी तिनं वाक्य पाठ केलं: ‘बोंजूर मादाम, मी वर्दिया, मी आज खाली आले तर चालेल का?’ माझ्यासमोर फोन लावला. म्हातारीला ऐकू कमी येतं, ती पलीकडून ओरडायला लागली, “हॅलो? हॅलो? कोण? कोण बोलतंय?” वर्दियाचं तोंड उघडं राहिलं, शब्द फुटेना. तिनं फोन ठेवून दिला आणि ओढणीत तोंड लपवून बसली. पुन्हा तिनं फोन लावला नाही.

“थाळी तरी मागून आण,” मी म्हटलं. “आईची आहे.”

“राहू दे तिच्याकडे,” ती म्हणाली. “थाळी तिकडे आहे तोवर आमचं काही संपलेलं नाही. ती बोलावेल मला.”

तिला कान लावून बसायची सवय लागली. जिन्यात पाऊल वाजलं की बोलता बोलता थांबायची. म्हातारीला दोन मजले चढणं या जन्मात शक्य नाही, हे तिला माहीत होतं, तरी थांबायची.

थंडी पडल्यावर एकदा मला मोठ्या अभिमानानं म्हणाली, “ताई, मी आता अगदी इथली झाले. मादामचं दार हल्ली कितीदा लोटलेलंच असतं. विसरत असेल बिचारी. मी आत डोकावत नाही हं. चोर शिरायला नको म्हणून हळूच ओढून घेते आणि वर येते.”

“डोकावली असतीस तर डोळे फुटले असते का तुझे?”

“कुणाच्या घरात डोकावायचं नसतं इथे,” ती म्हणाली.

माझा तिळपापड झाला. पण ती माझं ऐकणार नव्हती, आणि त्या दाराचा अर्थ मलाही कुठे कळला होता!

बर्फ वितळायच्या आधी मादाम पेरारला अँब्युलन्समधून नेलं आणि ती परत आली नाही. वर्दिया तेव्हा बाजारात होती. तिला कुणी कळवलं नाही. कोण कळवणार? ती काही घरची नव्हती. पुरून झाल्यावर जिन्यात खोकी दिसली, तेव्हा तिला कळलं.

त्या आठवड्यात मी तिच्याकडेच होते. दुपारी दार वाजलं. सिल्वियान आली होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली थाळी. फोन न करता आल्याबद्दल तिनं आधी माफी मागितली.

वर्दियानं तिला बसवलं, कॉफी दिली. सिल्वियान थकलेली होती, कुणाशी तरी बोलायला हवं होतं तिला. “शेवटी शेवटी आई फार विचित्र वागायला लागली होती,” ती सांगू लागली. “भर थंडीत दार उघडं ठेवायची. मी रागवायचे. म्हणायची, असू दे, ती आली तर बाहेर थांबायला नको. आणि म्हणायची, कुणीतरी येतं आणि दार ओढून जातं, मी उठून पोचेपर्यंत जिन्यात कुणी नसतं.”

वर्दियाच्या हातातली कॉफीची किटली टेबलावर आपटली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती लाकडासारखी ताठ झाली होती.

“आणि ही थाळी,” सिल्वियान म्हणाली, “दाराजवळच्या स्टुलावर असायची, रुमालाखाली. दर रविवारी मला आलुबुखार आणायला लावायची. हिवाळ्यात! कुठून कुठून आणले मी. स्वतः एक खायची नाही. सगळे थाळीत ठेवायची, नासले की टाकून पुन्हा नवे. परवा बघितले तर सडून गेले होते. फेकून दिले आणि थाळी चांगली घासून आणली, अगदी स्वच्छ.”

तिनं वर्तमानपत्र सोडलं आणि दोन्ही हातांनी थाळी पुढे केली. बिचारीची काही चूक नव्हती. तिच्या रीतीनं तिनं अगदी बरोबर केलं होतं, आणि तरीही त्या क्षणी मला ती थाळी तिच्या डोक्यात घालावीशी वाटली.

वर्दियानं थाळी घेतली. “मेर्सी, मादाम,” ती म्हणाली. उच्चार इतका नेमका होता की सिल्वियान जाता जाता म्हणाली, “किती छान बोलायला लागलात तुम्ही.”

दार लागलं. वर्दिया थाळी मांडीवर घेऊन बसली. नक्षीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “ताई, तिला वाटलं असेल, मी थाळी न्यायलासुद्धा आले नाही.”

“तू येशील हे तिला माहीत होतं गं,” मी म्हटलं. मला रडू आवरेना. “माहीत होतं म्हणून तर दार उघडं ठेवायची.”

“ती उघडं ठेवायची,” वर्दिया म्हणाली, “आणि मी ओढून घ्यायचे.”

मग ती उठली. रवा काढला, भाकऱ्या भाजल्या, मधात भिजवल्या, आईच्या वेळेसारख्याच. थाळीत रचल्या, वर रुमाल टाकला आणि जिना उतरू लागली. मी मागोमाग गेले, पण अडवलं नाही. खालची खोकी गेली होती, दारावरची नावाची पट्टीसुद्धा काढलेली होती. वर्दियानं दार वाजवलं. थोडं थांबून पुन्हा वाजवलं.

“मादाम, मी वर्दिया,” ती मोठ्यानं म्हणाली, म्हातारीला ऐकू कमी येतं म्हणून.