भीमरावांचे एक्केचाळीस प्रश्न

"धुळीचं वादळ आल्यास तुमच्या कार्यालयात काय व्यवस्था आहे?" हा नववा प्रश्न वाचून भीमरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत धूळ होती ती फायलींवरच, आणि ती त्यांच्याच अखत्यारीतली होती.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका गावात अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळनिवासी बायांनी एक केंद्र काढलं होतं. म्हाताऱ्यांना जेवण पोचवायचं, आजाऱ्यांना डायलिसिसला न्यायचं. आधार कॉव्हेंट्रीच्या एका चर्चचा. चर्चचं कार्यालय म्हणजे भीमराव, रेव्हरंड कॉलिन आणि एक किटली. अठरा वर्षं भीमराव दर जानेवारीत त्या केंद्राला एक्केचाळीस प्रश्नांचा फॉर्म पाठवत. फॉर्म मूळचा इथल्याच एका वृद्धाश्रमासाठी बनवलेला, त्यामुळे त्यात नववा प्रश्न होता, "दारातला बर्फ हटवण्याची काय सोय आहे?" बेचाळीस अंशांत भाजणाऱ्या बाया दरवर्षी इमानदारीनं लिहीत, "डेस्मंडकाकांकडे फावडं आहे."

२००६ साली चर्चनं ठरवलं की यापुढे सगळं समाजाच्या पुढाकारानं. केंद्र चालवणाऱ्या नोरीनमावशींनी हे फारच मनावर घेतलं. आधार घेण्याआधी आधार देणारा लायक आहे का, ते त्यांच्या समितीला तपासायचं होतं. म्हणून तेच एक्केचाळीस प्रश्न, बर्फाच्या जागी धूळ घालून आणि शेवटच्या प्रश्नात 'तुम्ही'-'आम्ही' उलटवून, उलट टपाली कॉव्हेंट्रीत.

चाळीस उत्तरं भीमरावांनी दोन दिवसांत लिहिली. चमचेही मोजले, सात भरले. एक्केचाळिसाव्याला मात्र गाडं अडलं. "तुम्ही करता ते काम आमची माणसं स्वतः करू शकतील का? शकत असल्यास कधीपासून?"

भीमराव करत होते ते काम म्हणजे हे प्रश्न विचारणं. खरं उत्तर दिलं तर खुर्ची जात होती, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रश्न विचारायला दुसरं कोण ठेवून घेणार?

संध्याकाळी त्यांनी ते बायकोच्या, द्रौपदीबाईंच्या कानावर घातलं. त्या कणीक मळत होत्या.

"अहो, 'विचाराधीन' लिहा ना. सरकारं चालतात त्याच्यावर."

"अगं, पण प्रश्न माझाच आहे."

"मग तर तुम्हाला माहीतच आहे, उत्तर कोणी वाचत नाही ते."

हे लागलं, कारण खरं होतं. रकाना भरलाय एवढं बघून भीमराव फॉर्म फायलीत लावत. शाळेत असताना ते राहत त्या नागपूरच्या वसतिगृहात पाहुणे येऊन विचारायचे, पोरं नीट जेवतात का? उत्तर सुपरिंटेंडेंट द्यायचे. वरणात मीठ नसतं, हे सांगायला भीमराव चार वर्षं तयारीत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अठराही फायली खाली काढल्या. एक्केचाळिसाव्या रकान्यात दरवर्षी एकच शब्द होता. सोमवारपासून. एका वर्षी तेवढं मंगळवारपासून लिहिलं होतं आणि खाली खुलासा होता, सोमवारी गावात मयत आहे.

त्यांनी फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. नोरीनमावशींनी आधी कॉव्हेंट्रीतल्या धुळीची चौकशी केली, मग कळवलं की डेस्मंडकाका वारले, पण फावडं जागेवर आहे.

"तुम्ही वाचत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"मग दरवर्षी लिहीत का होता?"

"तुम्ही विचारत होता ना."

मग मावशींनी विचारलं, असं उत्तर दिल्यावर तुमचं काय होणार?

"तो प्रश्न फॉर्ममध्ये नाही," भीमराव म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी रकाना भरला. सोमवारपासून. फॉर्म घेऊन ते कॉलिनच्या खोलीत गेले आणि सहीसाठी पुढे न सरकवता, आधी एक्केचाळिसावं वाचा, असं म्हणाले. असं ते पहिल्यांदाच म्हणत होते. कॉलिननं वाचलं, चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं, परत वाचलं.

"याचा अर्थ तुमच्या लक्षात येतोय ना, भीमराव?"

"येतोय."

कॉलिननं टेबलावरची किटली बाजूला सारली. मग त्यानं फॉर्म उलटा फिरवून भीमरावांसमोर ठेवला. "मग सही तुम्हीच करायला हवी."

अठरा वर्षांत त्या कार्यालयातून गेलेल्या एकाही कागदावर त्यांची सही नव्हती. भीमरावांनी खुर्ची पुढे ओढली, एका जुन्या पाकिटावर दोनदा सही करून बघितली आणि मग फॉर्मवर पूर्ण नाव लिहिलं. साधं बॉलपेन होतं, वाळण्यासारखं काही नव्हतं. तरी त्यांनी कागद उचलून सहीवर हळूच फुंकर मारली.