तेजीतल्या वाती

गोदाबाईच्या तेरवीले तिच्या पोरानं, पंजाबरावनं, पंगतीत उभं राहून सांगतलं, "मायनं देवीले लाख वाती वाह्यल्या. म्या तिले कापसाची कमी पडू देल्ली नाई." लोकं माना हालवून जेवत राह्यले. मी, मैनाबाई, भिंतीपलीकडची शेजारीन, मीबी मुकाट्यानं जेवली. तेरवीच्या पंगतीत खरंच बोलावं असा काई नेम नाई. पन तुमाले सांगतो, कारन त्या वाती माह्या डोयादेखत झाल्या.

बुढी पंच्याऐंशीच्या घरात जाऊन मेली. नवव्या वर्षी लगन होऊन या गावात आली. सात लेकरं झाली, जगला एकटा पंजाबराव. थोबी हातचा जाऊन राहिला होता, तवा देवीले लाख वाती बोलली. संध्याकायचा दिवा तिनं कदी चुकवला नाई. नवरा गेला तवा सुतक होतं, तरी देवळाच्या खालच्या पायरीवरून हात जोडून आली.

नवस फेडाले तिले सवड भेटली सत्तरीत. अन् नेमकी तवाच तिकडं अमेरिका का काय त्या मुलुखात लढाई लागली, तिकडचा कापूस याचा थांबला, अन् आमच्या वऱ्हाडातला कापूस महाग झाला. पंजाबरावच्या तं अंगातच आलं. बैलाच्या शिंगाइले चांदी लावली, बैठकीत गाद्या-लोड मांडले. वेचनीवरून आलेल्या बायाइच्या ओट्या झाडून घे. घरात एक बोंड राहू देईना.

"पंजाब, वातीपुरता कापूस दे बाप्पा."

"माय, भाव मालूम हाय का तुले? फाटक्या लुगड्याच्या वाती कर."

"तुह्याच जिवासाठी बोलली होती मी."

"मंग जगलो ना मी? आता कायची घाई हाय? देवी काई पयून नाई चालली."

 दुसऱ्या दिवशी बुढी मले म्हने, "मैना, तुह्या कोठ्यातलं टोपलंभर कुटार दे." मले वाटलं, बकरी घेतली काय हिनं. तं बुढी दुपारी बैठकीत बसून लोडाची शिवन उसवून राहिली. मूठभर कापूस काढे, मूठभर कुटाराचा भुसा भरे, अन् शिवून टाके. वर्षभर हेच चाललं. टोपली मी पोचवत होती, पाप असन तं अर्धं माह्यं.

फागुनात अमरावतीचा सेठ सौद्याले आला. लोडाले टेकला अन् पाठ खाजवत उठला. पुन्हा टेकला, तशी शिवन फाटून त्याच्या धुवट धोतरावर कुटार सांडलं.

"पंजाबराव, घरच्या लोडात हे, तं गाडीतल्या कापसात काय भरलं असन?"

असं म्हनून थो उठला, अन् समोरच्या नत्थुजीचा सारा कापूस उचलून घेऊन गेला. पैसे मुंबईहून आले का देतो म्हने.

"कोनं केलं हे?" पंजाबराव ओरडला.

"म्या," बुढी म्हने, जवारी पाखडता पाखडता.

महिनाभर थो मायशी बोलला नाई. मंग खबर आली का लढाई संपली. भाव असा बसला का कापसाकडं कोनी पाहीना. सेठ अमरावतीतून गायब झाला. नत्थुजीचा कापूसबी गेला अन् पैसाबी गेला. पंजाबरावचा कापूस मात्र जसाच्या तसा घरात होता. मातीमोल का होईना, त्याचा होता.

थो पयत आला अन् मायच्या पायावर पडला. "माय, तुह्या पुण्याईनं वाचलो."

"पुण्याई कायची बाप्पा? चोरी होती थे."

त्यानं कापसाचं भलं मोठं गाठोडं वढत आनलं. "घे, पाहिजे तितक्या वाती कर. किती बाकी हायेत?"

"आठ हजार."

बुढीनं त्या कापसाले हातबी लावला नाई. मले तिचा राग आला, खरं सांगतो. आयता कापूस समोर आला अन् ही रुसून काय बसली?

"भाव होता तवा देवीले नाई म्हनला तू," बुढी म्हने. "आता कोनी घेत नाई तं तिले देतं? तुह्या जिवाची किंमत एवढीच धरू काय मी? ने हे. बैठकीतला दुसरा लोड आन. थो तेजीतला हाय."

पंजाबरावनं लोड आनला. मांडीवर घेऊन शिवन त्यानंच उसवली.

मी टोपलं घेऊन कुटार आनाले उठली.